तुकडा मिक्सचं सॅलड

मंगळवार, ४ एप्रिल

ती. आईंना,

नमस्कार. तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. गुडघ्याला नवीन तेल लागू पडलं हे वाचून बरं वाटलं. आता उगाच गच्चीवर चढून त्या तेलाची परीक्षा घेऊ नका. इकडे उकाडा सुरू झाला आहे. न्हाणीघरातला नळ अजून गळतो आहे, वरच्या मजल्यावरच्या बाई अजून सकाळी सहाला गळा साफ करतात, आणि आम्ही दोघं मजेत आहोत.

आता तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानाकडे वळते. पहिलं पान गुडघ्याचं होतं, दुसरं माझं.

ताई मागच्याच्या मागच्या शनिवारी न कळवता आल्या. दार उघडंच होतं. त्यांना काय दिसलं ते त्यांनी तुम्हाला सांगितलंच आहे, पण तुमच्या लेकीची सांगायची पद्धत मला ठाऊक आहे, म्हणून मीही सांगते. हे ओट्याशी उभे होते. गळ्यात माझा फुलाफुलांचा एप्रन, हातात सुरी, समोर काकडी. आणि मी खुर्चीवर बसून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले होते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवल्या की संध्याकाळी पाय आपले वाटत नाहीत. ताईंच्या चेहऱ्यावर असे भाव होते की जणू मी यांना ओट्याला साखळीने बांधून ठेवलं आहे.

तुम्ही लिहिलंत, "ज्या मुलाला मी कधी पाण्याचा पेला उचलू दिला नाही, तो तुझ्या घरात काकड्या चिरतो. सोळा तारखेला, रविवारी, मी येते आणि बाळाला घेऊन जाते. चार महिने माझ्या हातचं गरम जेवेल, माणसात येईल."

या. जरूर या. हवं तितकं राहा. पण हे तुमच्याबरोबर येणार नाहीत. आडपडदा न ठेवता लिहिते आहे, रागावू नका. म्हणजे रागावलात तरी चालेल, पण तिकीट एकाचंच काढा.

ताईंनी तुम्हाला असंही सांगितलं म्हणे की आमच्याकडे आता परदेशी चोचले सुरू झाले आहेत. त्याला पास्ता सॅलड म्हणतात. इटलीच्या तऱ्हेचं असतं, असं मासिकात लिहिलं होतं, पण आमचं सॅलड इटलीतल्या माणसाला दाखवलं तर तो कानाला हात लावील. आणि चोचले म्हणाल तर ऐका. आमच्या गल्लीच्या टोकाला एक किराणा दुकान आहे. तिथे पास्त्याच्या पोत्यांच्या तळाशी जे उरतं ते सगळं एकत्र करून 'तुकडा मिक्स' म्हणून विकतात. नळ्या, शिंपले, मळसूत्रं, चकत्या, मोडके बो-टाय, सगळी खिचडी. चांगल्या पाकिटाच्या निम्म्याहून कमी भावात. कुणी घेत नाही, कारण ते एकत्र शिजवलं की अर्धं कच्चं राहतं आणि अर्ध्याचा लगदा होतो. आम्ही घेतो.

कारण यांनी त्यावर उपाय काढला आहे. आधी सगळं आकारांप्रमाणे वेगळं करतात. मग प्रत्येक आकाराला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघितलं. नळ्यांना अकरा, मळसूत्रांना नऊ, शिंपल्यांना आठ, चकत्यांना सहा. एकच पातेलं, भरपूर मीठ घातलेलं उकळतं पाणी, आणि ज्याला जास्त वेळ लागतो ते आधी आत. दोन मिनिटांनी दुसरं, मग तिसरं. अकराव्या मिनिटाला सगळे एकदम तयार. चाळणीत ओततात, वर गार पाणी, थोडं तेल चोळतात म्हणजे चिकटत नाही. तुमचा मुलगा ड्राफ्ट्समन आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांनी याचंही ट्रेसिंग पेपरवर वेळापत्रक काढलं आहे, शाईने, खाली तारीख आणि 'सुधारणा क्र. ५'.

ऑलिव्ह आम्हाला परवडत नाहीत. काळ्या मनुका व्हिनेगर आणि मिठात रात्रभर भिजवतात. चीजऐवजी दूध फाडून, कपड्यात बांधून, त्यावर नकाशे दाबून धरायची ती शिशाची वजनं ठेवतात. सुकी पानं आणि लाल मिरचीच्या पुड्या माझ्या दुकानातल्या मुली आणून देतात. त्या पिझ्झा मागवतात तेव्हा फुकट येतात आणि त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून असतात. काकडीतल्या बिया काढून टाकतात, नाहीतर पाणी सुटतं. कांदा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवतात. टोमॅटो सगळ्यात शेवटी. लिंबू, साधं तेल, ठेचलेला लसूण, चिमूटभर साखर, थोडी मोहरीची पेस्ट, हे एका बरणीत घालून झाकण लावून खडखडा हलवतात. त्या वेळी वरच्या बाईंचा रियाज चालू असेल तर ताल चांगला जमतो.

आणि हे सगळं गारच खायचं असतं. ताईंना तेच सगळ्यात जास्त लागलं. मी बशी पुढे केली तर म्हणाल्या, "गरम करून दे ना जरा." मी म्हटलं, "ताई, हे गारच असतं." त्या म्हणाल्या, "म्हणजे शिळं?" आणि बशी ठेवून दिली.

तुम्ही विचारलंत की हे माझ्याही आधी घरी कसे. रजेवर आहेत. रजा बरीच साठली होती, ऑफिसनेच घ्यायला लावली. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. तब्येत उत्तम आहे.

पत्र संपवताना मी एरवी 'आज्ञाधारक' लिहिते. या वेळी ते खोटं ठरेल म्हणून लिहीत नाही.

तुमची,
सून


सोमवार, १० एप्रिल

ती. आईंना,

नमस्कार. फोनवर माणसं सर्रास खोटं बोलतात, कागदावर खोटं लिहिताना हात अडखळतो, असं तुम्ही नेहमी म्हणता आणि म्हणून आम्हाला पत्रं लिहायला लावता. पण यांच्या ऑफिसला फोन करायची वेळ आली तेव्हा फोन चालला तुम्हाला. असो. माझा हात काही अडखळला नव्हता, तेव्हा तुमचा तो सिद्धांतही आता सोडून द्या.

तुम्ही मला खोटारडी लिहिलंत. खरं आहे. रजा नाही. नोव्हेंबरपासून ते त्या ऑफिसात नाहीत. ताईंना मी हिवाळाभर 'बाहेरगावी साइटवर गेलेत' म्हणून सांगत होते तेही खोटं. ते आतल्या खोलीत होते. ताई बाहेरच्या खोलीत चहा पीत होत्या तेव्हाही.

आता खरं लिहिते. आणि खरं लिहायचं तर मला 'हे' आणि 'ते' जमणार नाही. तुमच्यासमोर मी तसं बोलते, घरी आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो. तो म्हणजे तो.

त्याने एका दवाखान्याच्या जिन्याचं ड्रॉइंग केलं होतं. साहेबांनी सांगितलं, जुन्या इमारतीचाच जिना उतरवून घे, वेळ नाही. याने उतरवला. नव्या इमारतीचा मजला थोडा उंच होता, आणि एक आकडा जुनाच राहिला. सगळ्यात वरची पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच झाली. काँक्रीट ओतून झालं. साइटवर जिना चढताना याचाच पाय त्या पायरीला अडकला. पडला नाही, पण तिथेच खाली बसून टेप लावला आणि त्याच दिवशी जाऊन साहेबांना सांगितलं. दुसरं कुणी सांगायच्या आत, आपण होऊन. आई, ही तुमची शिकवण आहे, आणि तिचा मला अभिमान आहे.

साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर ते ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि याला तो आकडा मोठ्याने वाचायला लावला. तीनदा. शिकाऊ मुली उभ्या होत्या, हिशेबनीस उभे होते, चहावाला उभा होता. खाली साहेबांची स्वतःची सही होती, ती कुणी वाचली नाही. सतरा वर्षं याने त्या माणसासाठी रेघा ओढल्या होत्या.

तो घरी आला, बूट काढले, आणि झोपला. मला वाटलं, एक दिवस. मग वाटलं, आठवडा. आई, बारा आठवडे. अंघोळीला उठवावं लागे. बोलणं नाही. मी काही विचारलं तर भिंतीकडे बघून "हो" म्हणायचा, प्रश्न कुठलाही असो. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. त्या चालू आहेत, आणि त्यांनाही नावं ठेवू नका. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती, ते म्हणाले नाहीत. मी सकाळी नऊला गरम जेवण झाकून जायची आणि संध्याकाळी सातला ते तसंच गार झालेलं उचलायची. तुमचा गरम जेवणावर फार विश्वास आहे. माझाही होता. बारा आठवडे रोज प्रयोग करून पाहिला.

आता जे लिहायचं आहे ते मागच्या पत्रातही टाळलं आणि याही पत्रात तीन पानं टाळलं.

तुम्ही त्याला घेऊन जाते म्हणून लिहिलंत, त्याच्या दोन महिने आधी मीच तुम्हाला पत्र लिहिलं होतं. 'माझ्याच्याने होत नाही. तुमचा मुलगा घेऊन जा.' एवढंच. फेब्रुवारीतली गोष्ट. मी हात टेकले होते. त्याची बॅग भरली, शर्ट, टूथब्रश, गोळ्या, सगळं, आणि दाराशी ठेवली. पत्र पर्समध्ये होतं, दुकानात जाताना टाकणार होते. त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो "हो" म्हणाला असता.

आणि तो तुकडा मिक्स, आई, मी पहिल्यांदा घेतला तो काही आम्हा दोघांसाठी घेतला नव्हता. एकटीसाठी घेतला होता. म्हटलं, आता एकटीला काय, पाण्यात टाकलं की झालं. इतका पुढचा विचार केला होता मी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या सकाळी निघायची घाई. फडताळातून माझा डबा काढताना ती पास्त्याची पिशवी खिळ्याला अडकली आणि टरकन फाटली. किलोभर पास्ता स्वयंपाकघरभर. आतल्या खोलीत पलंगाखालीसुद्धा गेला. तो उशीवर डोकं ठेवून माझ्याकडे नुसता बघत होता. मी किंचाळले. खरोखर किंचाळले, वरच्या बाईंनी रियाज थांबवला. "निदान हे तरी उचल!" म्हटलं, आणि दार आपटून गेले. त्या गडबडीत पत्र टाकायचं राहिलं. पोस्टाच्या पेटीसमोरून गेले, पण आपण माणसावर किती ओरडलो याच विचारात.

संध्याकाळी आले तर तो खाली बसला होता. कपाटामागून त्याने आपला ड्रॉइंग बोर्ड काढला होता. त्यावर नळ्या एका रांगेत, शिंपले एका रांगेत, मळसूत्रं, चकत्या, बो-टाय. मोडक्यांचा ढीग वेगळा, आणि त्यातही लहान-मोठे वेगळे. सात ढीग. किलोभर पास्ता, आई. दिवसभर तेच केलं असणार. मी पर्स हातात घेऊन तशीच उभी राहिले.

तो वर न बघता म्हणाला, "नळ्या सगळ्यात जास्त आहेत."

मी म्हटलं, "हो का?"

मग एक नळी रांगेत सरकवून म्हणाला, "मला पाठवू नकोस."

बॅग दाराशीच होती. मी त्याला सांगितलं, "नाही पाठवणार." बस्स. एवढंच बोलणं झालं. मी बॅग उपसली, शर्ट परत कपाटात ठेवले, आणि तुम्हाला लिहिलेलं पत्र गॅसवर धरलं. त्या दिवशी आम्ही सगळे सात ढीग एकदम शिजवले आणि ते अतिशय वाईट झालं. अर्धं दाताखाली कडकड, अर्धं खळीसारखं. तो चार घास खाऊन म्हणाला, "यांच्या वेळा वेगळ्या आहेत." दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा घड्याळ ओट्यावर होतं.

तिथून सुधारणा क्र. १. आता सहावी चालू आहे. तो उठतो, बाजारात जातो, भाजीवाल्याशी घासाघीस करतो. ती त्याला कधीच जमत नव्हती, आताही फारशी जमत नाही, पण करतो. काकडीचे तुकडे सगळे एका मापाचे, सुरुवातीला तर पट्टी ठेवून कापायचा. मी हसले तर म्हणाला, "हात अजून खात्रीचे नाहीत." आता पट्टी लागत नाही. आणि गार खायचं असतं म्हणून त्याला बरं पडतं. मी सातला आले काय, साडेआठला आले काय, वाट बघून काही बिघडत नाही. त्याला आत्ता काहीही बिघडलेलं चालत नाही.

तर आई, तुमच्याकडे त्याची आबाळ होईल म्हणून मी नाही म्हणत नाही. आबाळ मुळीच होणार नाही, भीती त्याचीच आहे. तुम्ही शिवणयंत्रावर दोन मुलं वाढवलीत, त्याला कशाची झळ लागू दिली नाहीत. तिथे त्याला पेला उचलावा लागणार नाही. अंथरूण घातलेलं मिळेल, ताट समोर येईल, सुरी हातातून काढून घेतली जाईल. तो "हो" म्हणेल आणि पुन्हा झोपेल. तुम्ही प्रेमाने कराल, आणि प्रेमाने केलं म्हणून त्याला नाही म्हणता येणार नाही. मग ते नाही मला म्हणायला हवं. मी त्याला शब्द दिला आहे.

रविवारी या. नोकरीबद्दल विचारू नका. तो स्वयंपाक करील, तुम्ही बसा. तुम्हाला बसवत नाही हे मला माहीत आहे, तरी बसा. मी नाही का बसत?

तुमची,
सून


मंगळवार, १८ एप्रिल

ती. आईंना,

नमस्कार. सुखरूप पोहोचल्याचं ताईंकडून कळलं. बाकीचंही त्यांच्याकडूनच कळलं, की तुम्ही मला पत्र पाठवणार नाही आणि माझं आलं तर वाचणार नाही. तरी लिहिते. तुमच्या घरात न वाचलेला कागद कधी पडून राहिलेला मी पाहिलेला नाही.

रविवारी तुम्ही आलात ते हातात चार खणांचा गरम डबा घेऊन. पाच तास प्रवासात मांडीवर धरून आणलात म्हणे, म्हणून हात लाल झाले होते. ते मी पाहिलं, आई. मी तुमच्याशी भांडत असले तरी आंधळी नाही. तुम्ही डबा टेबलावर ठेवलात, बरोबर त्याच्या सॅलडच्या वाडग्यासमोर, आणि आम्ही तिघं उभे राहिलो. मला वाटलं, आता तो "हो" म्हणणार.

त्याने तुमच्या डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि म्हणाला, "हे संध्याकाळी खातो, आई. आता तू हे खा." आणि तुम्हाला वाढलं. तुम्ही एक घास घेऊन "गार आहे" म्हणालात. तो म्हणाला, "गारच असतं." तुम्ही सगळं संपवलंत, मग आणखी घेतलंत, आणि काळ्या मनुका वेचून वेचून खाल्लेल्याही मी पाहिल्या. चांगलं झालंय, असं मात्र म्हणाला नाहीत. मीठ कमी आहे म्हणालात. त्याने तेवढं लिहून घेतलं.

नंतर तो वाडगे धूत होता. तुम्ही चष्मा लावून भिंतीवरचं ते वेळापत्रक बघत होतात. बोट लावून एकेक ओळ वाचलीत, अगदी 'चकत्या, पाचव्या मिनिटाला' इथपर्यंत. आणि स्वतःशीच म्हणालात, "अक्षर तर तेच आहे." तुमचा आवाज तेव्हा असा झाला होता की मी आत येता येता थांबले आणि परत बाहेर गेले. मला वाटलं, समजलं तुम्हाला. अजूनही वाटतं की तेवढा वेळ समजलं होतं.

पण मग तुम्ही त्याला म्हणालात, "चल, बॅग भर."

मी तोंड उघडणारच होते. शब्द मी दिला होता, तो मीच पाळायचा होता. आठ दिवस मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, एकेक असं की तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. ती सगळी वाया गेली. त्याने हात पुसले, एप्रन काढला नाही, आणि म्हणाला, "आई, मी येणार नाही. मी इथे बरा होतोय."

बरा होतोय. मला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. तुमच्यामुळेच मला ते पहिल्यांदा ऐकायला मिळालं, त्याबद्दल तुमचे आभार मानते, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

तुम्ही पिशवी उचललीत, चपला घातल्यात, आणि दारात माझ्याकडे वळून म्हणालात, "तू माझ्या मुलाला बाई करून ठेवलंस." माझ्याजवळ उत्तर होतं. पण तुमचे हात अजून लाल होते. तुम्ही कठड्याला धरून जिना उतरायला लागलात. तो पोचवायला मागे निघाला तर तुम्ही पाठमोऱ्याच हात हलवून त्याला नको म्हटलंत.

त्यापुढचं तुम्हाला माहीत नाही. ते सांगायलाच हे पत्र.

तो दारात उभा राहून तुमच्या पावलांचा आवाज बंद होईपर्यंत ऐकत होता. एप्रन तसाच, फुलाफुलांचा. मला वाटलं, संपलं. आता आत जाईल आणि भिंतीकडे तोंड करून झोपेल. मी त्याच्याकडे बघायचंही टाळत होते. तेवढ्यात तो म्हणाला, "म्हणजे आईला आता दोन सुना झाल्या."

आणि हसला. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने, मग दाराच्या चौकटीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही. वरच्या बाई कठड्यावरून वाकून बघायला लागल्या. नोव्हेंबरपासून त्या माणसाचं हसणं मी ऐकलं नव्हतं, आई. ते कसं असतं हेही मी विसरून गेले होते. शेवटी शेवटी त्याला उचकी लागते, ते आठवलं.

तेव्हा तुम्ही दारात जे बोललात ते मला लागलेलं नाही. आणखी बोला, हवं तर ताईंच्या हाती लिहून पाठवा. तो तुमचा डबा संध्याकाळी जेवला, सगळे खण चाटून पुसून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाजारात गेला.

तुम्ही दोन मिनिटं आधी निघालात आणि ते हसणं तुम्हाला ऐकायला मिळालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाकी कशाचंही वाईट वाटत नाही.

त्याची बायको